एकट्याने ऑनलाइन सॉफ्टवेअरचा धंदा चालवताय? कामाची घडी बसवायची ती याच क्रमाने

आठवड्यातून दोन-तीन जण तरी मला विचारतात, ताई तुम्ही किती वाजता उठता, कुठलं ॲप वापरता, फोन बंद ठेवायची हिंमत कशी होते. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात, म्हणजे कॉम्प्युटरची डिग्री नाही, व्हिडिओ बघत आणि चुकत चुकत कोड शिकलेले, आता स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर विकतात, ग्राहक महिन्याला पैसे देतात आणि कोड, फोन, बिलं, सर्व्हर सगळं एकाच डोक्यावर. मी बीकॉम. माझं सॉफ्टवेअर कोचिंग क्लासेससाठी आहे, हजेरी, फी आणि पावत्या. राहते भांडुपला, वन बीएचके, घरात पाच माणसं.

जवळपास सगळे एकच चूक करतात. सुरुवात शेवटाकडून करतात. सोमवारी पहाटे पाचला उठायचं ठरवतात, फोन सायलेंटवर टाकतात, नवीन ॲप घेतात, आणि बुधवारी साइट बंद पडते, चौदा मिस्ड कॉल असतात आणि मग परत कधी फोन लांब ठेवायची हिंमत होत नाही. माझं अगदी हेच झालं होतं. तिसऱ्याच सकाळी एसएसएल सर्टिफिकेट (साइट सुरक्षित असल्याचा दाखला, तो संपला की ब्राउझर साइट उघडायला अडवतो) संपलं, मला कळलं साडेअकराला, तोवर चार क्लासवाल्यांनी पावत्या हाताने लिहून दिल्या होत्या. त्यानंतर आठ महिने मी फोन बाथरूममध्ये पण घेऊन जायचे.

म्हणून शांत वेळ, म्हणजे फोन लांब ठेवून फक्त कोड बनवायची बैठक, हा या लेखात चौथा टप्पा आहे. आधीचे तीन झाल्याशिवाय तो टिकत नाही. सगळं बसायला साधारण सहा आठवडे धरा.

तयारी: सुरू करण्याआधी

सामान फार नाही. दोनशे पानी वही, पेन, भिंतीवरचं कॅलेंडर (घरात कालनिर्णय असतंच, त्याच्या चौकोनात लिहायला जागा असते), दुसऱ्या कंपनीचं एक सिम, आणि राउटरला लावायचा छोटा यूपीएस. ॲप आत्ता घेऊ नका. ॲप घेतलं की दोन दिवस त्याचे रंग आणि कप्पे लावण्यात जातात आणि आपल्याला वाटतं काम सुरू झालं.

कधी सुरू करायचं हे मात्र नीट बघा. प्रत्येक धंद्याचा एक हंगाम असतो. माझा मे-जून, दहावीचे निकाल, नवीन ॲडमिशन, आणि शिवाय प्रत्येक महिन्याचे पहिले सात दिवस फी जमा व्हायचे. त्या दिवसांत नवीन सवय लावायला गेलात तर ती मोडणारच, आणि मग दोष सवयीचा वाटतो. मागच्या बारा महिन्यांचे फोन आणि पेमेंट चाळा, सगळ्यात शांत दीड महिना कुठला ते शोधा, तिथून सुरुवात करा. दुकानदारांसाठी बिलिंग बनवणाऱ्याने दिवाळीच्या तोंडावर हे काढू नये, एवढं साधं आहे.

टप्पा १: सात दिवस वेळेचा रोजमेळ

पैशाचा रोजमेळ लिहितात तसाच वेळेचा लिहायचा. काम बदललं की त्या क्षणी एक ओळ. वेळ आणि दोन शब्द, बस. सलग सात दिवस, रविवार धरून.

खुणा मी पाच ठेवल्या होत्या:

ब – बनवणं, म्हणजे असा कोड किंवा पान जे ग्राहकाच्या हातात जाणार
उ – उत्तरं, फोन, मेसेज, डेमो
शि – शिकणं
का – कागदपत्रं, बिलं, पैसे
घ – घर

रोजमेळ लिहिताना काही सुधारायचं नाही. कोणाला "आज जास्त काम करून दाखवू" असं वाटायला लागतं, तो आठवडा फुकट जातो. आठव्या दिवशी खतावणी करा, प्रत्येक खुणेखाली किती तास झाले ते मांडा.

माझ्या पहिल्या खतावणीत रोजचे अकरा तास "काम" दिसत होतं आणि त्यात ब होता सरासरी एक तास चाळीस मिनिटं. बाकी कुठे गेलं? उ मध्ये तर गेलंच, पण खरा धक्का शि चा होता. आपण व्हिडिओ बघूनच शिकलो ना, म्हणून व्हिडिओ बघणं हे कष्ट वाटतं, दमायलाही होतं, पण त्यातून त्या आठवड्यात ग्राहकाला काहीच मिळालेलं नसतं. कॉलेजात शिकलेल्यांचं शिक्षण एका तारखेला संपतं, आपलं संपतच नाही, त्यामुळे शिकणं कुठे थांबलं आणि धंदा कुठे सुरू झाला ही रेघ आपणच ओढायला लागते.

*सावध:* रात्री आठवून लिहू नका. आठवणीत ब नेहमी फुगतो.

*तपासा:* दिवसाला पंधरापेक्षा कमी ओळी असतील तर तुम्ही बदल पकडत नाही आहात. तो दिवस बाद धरा आणि आठवा दिवस लिहा.

टप्पा २: तुम्ही जागेवर नसताना काय काय पडू शकतं

या टप्प्याला दोन आठवडे द्या. कंटाळवाणा आहे म्हणून सगळे सोडतात, आणि नेमका हाच सोडल्यामुळे बाकीचं बसत नाही.

२.१ तारखांची यादी. वहीच्या एका पानावर लिहा: डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (सर्व्हरची भाड्याची जागा), एसएसएल, ईमेल पाठवणारी सर्व्हिस, एसएमएसचं पॅक, पेमेंट गेटवे. प्रत्येकासमोर संपायची तारीख, कुठल्या कार्डावर आहे, आणि लॉगिनचा ईमेल कोणाचा आहे. शेवटच्या रकान्यात दचकायला होईल. माझं डोमेन माझ्या चुलतभावाच्या जुन्या ईमेलवर होतं, ज्याचा पासवर्ड त्यालाच आठवत नव्हता.

ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत, ऑक्टोबर २०२१ पासून. आधी मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) नोंदवावं लागतं, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि साधारण ₹१५,००० च्या वरच्या रकमेला दरवेळी ओटीपी लागतो. बाहेरच्या देशातल्या बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टीममध्ये हे नीट बसत नाही आणि पेमेंट गुपचूप फेल होतं, त्याचा ईमेल जातो प्रमोशनच्या कप्प्यात. म्हणून डोमेन एकदम तीन-चार वर्षांचं भरून टाका आणि बाकी सगळ्या तारखांच्या ३० दिवस आधीच्या चौकोनात कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

२.२ एसएसएल. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं असतं. ते आपोआप बदलणारी स्क्रिप्ट लावलेली असते, पण सर्व्हरवर एखादी सेटिंग हलवली की ती स्क्रिप्ट शांतपणे मरते आणि दोन-तीन महिन्यांनी कळतं. सर्टिफिकेट संपायला १४ दिवस उरले की सांगणारा इशारा वेगळा लावा, जो त्या सर्व्हरवर चालत नाही.

२.३ बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक पूर्ण दुसऱ्या कंपनीकडे. ज्या सर्व्हरवर डेटा आहे त्याच सर्व्हरवरच्या फोल्डरला बॅकअप म्हणू नका. आणि बॅकअप होतो का हे बघणं पुरत नाही, परत उभा राहतो का ते बघायचं. घड्याळ लावून बसा, कोऱ्या मशीनवर कालचा बॅकअप टाका, लॉगिन करून एका विद्यार्थ्याची पावती उघडा. मला पहिल्यांदा पाच तास लागले, कारण फोटोंचं फोल्डर बॅकअपमध्ये नव्हतंच. आता पन्नास मिनिटं लागतात आणि पायऱ्या छापून टेबलाच्या काचेखाली ठेवल्यात.

*सावध:* बहुतेक सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री ९ ला लावलेला बॅकअप आपल्या पहाटे अडीचला होतो, तो चालेल, पण सकाळी ९ ला लावलेली फीची आठवण पालकांना दुपारी अडीचला जाते.

२.४ बाहेरून पहारा. दर पाच मिनिटांनी साइट चालू आहे का बघणारी सर्व्हिस लावा. तिला होमपेज देऊ नका, होमपेज बरेचदा डेटाबेस बंद असला तरी दिसतं. एक छोटं वेगळं पान बनवा जे डेटाबेसमधून एक ओळ वाचतं आणि "ठीक" लिहितं, ते तिला द्या. जोडीला डिस्क किती भरली याचा इशारा ८० टक्क्यांवर, कारण लॉगच्या फाइली वाढून डिस्क भरणं हे साइट पडायचं सगळ्यात फालतू आणि सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

हा इशारा दुसऱ्या सिमवर, वेगळ्या रिंगटोनने. तो नंबर कोणालाही देऊ नका, बँकेला नाही, नातेवाइकांना नाही. त्या फोनची रिंग वाजली याचा एकच अर्थ असला पाहिजे.

२.५ एसएमएस. ट्रायच्या (टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे मेसेजचा नमुना डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, मंजूर असावा लागतो. कोडमध्ये "फी भरली" चं "फी जमा झाली" केलंत आणि नमुना तोच जुना असेल तर मेसेज जात नाही, आणि आपल्या स्क्रीनवर कधीकधी "पाठवला" असंच दिसतं. मेसेजचा मजकूर बदलायच्या आधी नमुना मंजूर करून घ्या.

२.६ लाइट आणि नेट. यूपीएसमुळे राउटर चालू राहतो, पण बिल्डिंगमधल्या नेटवाल्याच्या बॉक्सची लाइट गेली तर नेट गेलंच. म्हणून दुसरं सिम. हे सगळं पावसाआधी, मेमध्येच करून बघा. मेन स्विच बंद करून एक तास काम करून बघायचं, अंदाजावर राहायचं नाही.

*तपासा:* रात्री अकरानंतर, सगळ्या बॅचेस सुटल्यावर, स्वतःच डेटाबेस बंद करा आणि फोन शेजारच्या खोलीत ठेवा. दहा मिनिटांत तो वाजला पाहिजे. नाही वाजला तर पुढचा टप्पा वाचू नका, आधी हे दुरुस्त करा.

टप्पा ३: ग्राहकांशी आणि घरच्यांशी बोलणं

आता फोनचा विषय. इथली नेहमीची चूक म्हणजे "मी आता फोन उचलणार नाही" असं जाहीर करणं. ग्राहकाला ते तोडून टाकल्यासारखं वाटतं. त्याला नकार ऐकायचा नसतो, आपलं काम कधी होणार ते ऐकायचं असतं.

रोजमेळात उ च्या ओळी कुठल्या वेळी जास्त आहेत ते बघा. माझे फोन चार ते आठमध्ये यायचे, बॅचेस तेव्हा असतात. मी दोन वेळा ठरवल्या, दुपारी साडेबारा ते दीड आणि संध्याकाळी साडेचार ते सात. मग प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर वेगवेगळं पाठवलं, ब्रॉडकास्ट नाही:

"नमस्कार सर, सोमवारपासून तुमच्या प्रत्येक मेसेजला त्याच दिवशी दुपारी १.३० किंवा संध्याकाळी ७ च्या आत उत्तर मिळेल. पावती निघत नसेल किंवा लॉगिन होत नसेल तर मेसेजच्या सुरुवातीला 'अडलंय' लिहा, तो मी लगेच बघते."

'अडलंय' शब्दावर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवून बघत बसायचं का, तर नाही. सॉफ्टवेअरमध्येच एक 'अडलंय' बटण द्या जे इशाऱ्याच्या फोनला मेसेज करतं आणि पावती-लॉगिनच्या तक्रारी तिकडे वळवा. मी दुसऱ्या महिन्यात हे केलं, पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. पालक समोर पैसे घेऊन उभे आहेत आणि पावती निघत नाही, ही खरी तातडी. रिपोर्टमध्ये नाव मोठ्या अक्षरात हवंय, ही तातडी नाही, सर कितीही घाईत बोलले तरी.

पहिले दोन आठवडे दिलेली वेळ एकदाही चुकवू नका. उत्तर तयार नसेल तर "बघितलं, उद्या दुपारपर्यंत सांगते" एवढं तरी त्या वेळेत गेलं पाहिजे. दोन आठवड्यांनी लोक आपोआप त्या वेळेला मेसेज करायला लागतात.

परदेशातले ग्राहक असतील तर मीटिंगची वेळ त्यांच्या शहराच्या घड्याळात लिहून घ्या. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा, आणि लंडन साडेचार किंवा साडेपाच. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि लंडनचं शेवटच्या रविवारी, म्हणून मार्चमधले मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांच्याच मीटिंगा चुकतात.

प्रत्यक्ष भेटींना आठवड्यातून एकच दिवस द्या. माझा गुरुवार, अकरा ते चार, गर्दीच्या वेळा टाळून. एका गुरुवारी सेंट्रल लाइनचे क्लासेस, पुढच्या गुरुवारी वेस्टर्न लाइनचे. एकाच दिवशी मुलुंड, बोरिवली आणि परत पनवेल असं करायला गेलं की दिवस दादरच्या पुलावरच जातो. कोणी रविवारी बोलावलं तर आधी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बघा.

घरचं बोलणं जास्त अवघड आहे आणि त्याच्यावर कोणी लिहीत नाही. "मी काम करतेय, डिस्टर्ब करू नका" हे वाक्य घरात चालत नाही कारण घरच्यांना दिसतं की तुम्ही खुर्चीत बसला आहात. मी सासूबाईंना रोजमेळच दाखवला. आई, या बघा माझ्या सकाळच्या ओळी, दूधवाला, कुरिअर, गॅस, वॉचमन, परत कुरिअर, आणि मध्ये मध्ये हे एवढं एवढं काम. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, मग दार मी उघडते की, एवढंच ना, पण भाजी तू अकरानंतर आणून दे. असा सौदा हवा. नुसती विनंती चार दिवस टिकते, दोन्ही बाजूंनी काही दिलं-घेतलं असेल तर टिकते. ज्याच्या घरी खरंच जागा नाही त्याने जवळची अभ्यासिका बघावी, मुंबईत मराठी वस्त्यांमधून त्या आहेत, फी परवडते आणि बोलायला बंदी असते जी आपल्या फायद्याची. लॅपटॉपला प्लग मिळतो का ते आधी विचारा.

*तपासा:* सलग पाच दिवस सकाळी किती खरे 'अडलंय' आले ते मोजा. एखाद-दुसरा असेल तर पुढे जा. रोज तीन येत असतील तर दोष फोनचा नाही, सॉफ्टवेअरमध्ये एक भोक आहे, आधी ते बुजवा.

टप्पा ४: बनवायची बैठक

अडीच तास. आठवड्यातून चार-पाच दिवस, एकाच वेळी. त्यात फक्त ब.

४.१ वेळ निवडणं. पहाटेचा आग्रह धरू नका. आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि अख्खी बिल्डिंग त्या वेळी जागी असते, बादल्या, मशीन, मोटर, डबे. तुमच्याकडे पाणी संध्याकाळी येत असेल तर तुमची पहाट शांत असेल. रोजमेळात बघा घर कधी गप्प होतं. आमचं होतं पावणेनऊला, मुलगा शाळेत, हे ट्रेनमध्ये, म्हणून माझी बैठक पावणेनऊ ते सव्वाअकरा.

४.२ आदल्या रात्रीची ओळ. ही पायरी नसेल तर बैठकीचा पहिला पाऊण तास "काय करू" मध्ये जातो आणि तिथेच माणूस ईमेल उघडतो. रात्री वहीत एक ओळ लिहा.

चुकीची ओळ: "ॲडमिशनचं काम पूर्ण करणे."
बरोबर ओळ: "ॲडमिशन फॉर्ममध्ये दुसऱ्या भावंडाला १० टक्के सवलत लागत नाही, सवलत मोजणारं फंक्शन उघड, दोन भावंडांची टेस्ट लिही."

बरोबर ओळीत फाइल किंवा फंक्शन असतं, काय झालं पाहिजे ते असतं, आणि सुरुवातीची हालचाल असते.

४.३ अडकल्यावर. २५ मिनिटं. त्यानंतर सर्चमध्ये शिरू नका, वहीत तीन ओळी लिहा: मला काय व्हायला हवं होतं, काय होतंय, काय करून बघितलं. अर्ध्या वेळा तिसरी ओळ लिहितानाच उत्तर मिळतं. नाही मिळालं तर मग त्या तीन ओळी एआयला किंवा कोणा मित्राला विचारा. एआयने दिलेला कोड चालला म्हणजे झालं असं मानू नका. जी ओळ तुम्ही मोठ्याने मराठीत समजावू शकत नाही ती ओळ ग्राहकाच्या सर्व्हरवर जाऊ नये. शिकवणारं कोणी नव्हतं म्हणून आपल्याला चालतंय-ना वर थांबायची सवय आहे, आणि ती सवय पैशाच्या कोडमध्ये फार महाग पडते.

४.४ डिप्लॉय, म्हणजे नवीन कोड ग्राहकांच्या सर्व्हरवर चढवणं. बैठक संपता संपता "टाकून देते" असं करू नका. डिप्लॉयचा वार ठरवा. लोक शुक्रवार टाळा म्हणतात, पण तुमचा गर्दीचा दिवस कुठला ते बघा, क्लासेसचा शनिवार-रविवार असतो म्हणून माझा वार मंगळवार, सकाळी सव्वाअकरानंतर, म्हणजे बिघडलं तर चारच्या बॅचपर्यंत हातात वेळ आहे. आधी ताजा बॅकअप, मग जुनी आवृत्ती परत आणायची कमांड टाइप करून तयार, मग डिप्लॉय, मग स्वतः एक खोटी पावती काढून बघायची.

*सावध:* बैठक छान चालली म्हणून ती पाच तास ओढू नका. दुसऱ्या दिवशी पाठ आणि डोळे दोन्ही संप करतात आणि आठवड्याचा हिशोब उणेच होतो. उद्याची ओळ लिहायची आणि उठायचं.

टप्पा ५: शिकणं वेगळ्या कप्प्यात

आठवड्याला तीन तास, बैठकीच्या बाहेर. विषय कुठला, तर वहीच्या मागच्या पानावर खड्ड्यांची यादी ठेवा. बैठकीत जिथे २५ मिनिटांचा नियम लागला तो खड्डा. महिन्याअखेर जो खड्डा तीनदा आला तो पुढच्या महिन्याचा विषय, नवीन फ्रेमवर्क नाही.

माझे खड्डे असे होते: डेटाबेसमध्ये इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कधी लावायचा, एकाच वेळी दोन जणांनी पावती काढली तर नंबर तोच का येतो, आणि रुपये दशांशात साठवल्यामुळे बेरजेत पैशाचा फरक. हा शेवटचा स्वतः शिकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या कोडमध्ये सापडतो. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज साध्या दशांशात (फ्लोटमध्ये) अचूक ०.३ येत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा, ₹१,२५०.५० म्हणजे १२५०५०, आणि दाखवताना भागा.

टप्पा ६: कागद आणि पैसे

का ची कामं रोज थोडी थोडी केली की रोज डोकं खातात. महिन्यात दोन दिवस ठरवा. मी ८ आणि १८ ठेवलेत, कारण दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (जीएसटीचा विक्रीचा तपशील) ची शेवटची तारीख ११ आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) ची २० असते, आणि शेवटच्या दिवशी पोर्टल अडकलं तर दोन दिवस हातात हवेत. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही भरायचा पर्याय आहे, आणि सेवा विकणाऱ्यांना महाराष्ट्रात साधारण वर्षाला २० लाखांच्या पुढे जीएसटीची नोंदणी लागते. तुमच्या बाबतीत काय लागू ते सीएला एकदा बसून विचारा आणि वहीत लिहून घ्या.

ॲडव्हान्स टॅक्सच्या (आयकराच्या आगाऊ हप्त्यांच्या) तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. चारही आत्ताच कॅलेंडरवर टाका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खात्यात आलेले पैसे आपले समजणं. जीएसटी लावत असाल आणि ₹१,१८० आले तर त्यातले ₹१८० सरकारचे. ते त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्यात हलवा. ग्राहक टीडीएस (तुमच्या पैशांतून आधीच वळता केलेला आयकर) कापत असेल तर तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते दर तिमाहीला बघा, मार्चनंतर शोधायला गेलात तर त्यांचा अकाउंटंट फोन उचलत नाही.

टप्पा ७: रविवारची चाळीस मिनिटं

वही, कॅलेंडर आणि चहा. चारच आकडे लिहायचे: किती बैठका झाल्या, किती 'अडलंय' आले, किती ग्राहक आले-गेले, आणि आजची शिल्लक किती महिने पुरेल. मग पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

घडी मोडणार हे धरूनच चाला. मुलाला ताप, ट्रेन बंद करणारा पाऊस, गणपतीचे दिवस. अशा दिवसांसाठी मोडलेल्या दिवसाची यादी वेगळी ठेवा आणि त्यात तीनच गोष्टी: इशाऱ्याचा फोन चार्ज आहे, रात्रीचा बॅकअप झालाय, दोन्ही वेळेची उत्तरं गेली. बैठक नाही झाली तर नाही झाली, ती रात्री जागून भरून काढू नका.

पण एका आठवड्यात तीन बैठका गेल्या तर कारण शोधा आणि त्या टप्प्यावर परत जा. साइट पडल्यामुळे गेल्या असतील तर टप्पा २ मधली बंद करून बघायची परीक्षा परत घ्या. फोनमुळे किंवा दारावरच्या बेलमुळे गेल्या असतील तर टप्पा ३, आणि बहुतेक घरातला सौदा कुठेतरी ढिला पडलेला असतो, तो नव्याने करा. टेबलाशी बसूनही काही झालं नसेल तर आदल्या रात्रींच्या ओळी उघडून बघा, त्यांत फाइलचं नाव आहे का. आणि कारणच सापडत नसेल तर सोमवारपासून परत सात दिवस रोजमेळ लिहा, मी तो दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत लिहिते.